परदेशी पीएच.डी.साठी दोनदा अर्ज केल्यावर

पहिल्या वर्षी मी अमेरिकेतील आठ विद्यापीठांकडे अर्ज केले आणि आठही ठिकाणांहून नकार आला. दुसऱ्या वर्षी पाचच अर्ज केले. तिघांनी मुलाखतीला बोलावले आणि दोघांनी जागा दिली. मधल्या काळात माझे एम.एस्सी.चे गुण बदलले नव्हते, आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षे ग्राह्य असल्याने तोही जुनाच होता. बदलले ते एवढेच की, या अर्जाकडे बारावीनंतरच्या प्रवेशासारखे पाहणे मी सोडले. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत क्लासच्या फलकांवरील टक्केवारी वाचत वाढलेल्या मुलीला ही सवय सहज सुटत नाही. अमेरिकी पीएच.डी.च्या प्रवेशाला कटऑफ लागत नाही. प्राध्यापकांची समिती अर्ज वाचते आणि हा उमेदवार पाच-सहा वर्षे संशोधनात टिकेल का, त्याला पडलेले प्रश्न आपल्या विभागातील कुणाच्या कामाशी जुळतात का, याचा अंदाज घेते.

माझा विषय जीवशास्त्र. या विषयाच्या अनेक अमेरिकी विभागांत विद्यार्थी पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत आळीपाळीने काम करतो आणि त्यानंतर मार्गदर्शक ठरतो. या पद्धतीला रोटेशन म्हणतात. त्यामुळे एखाद्या प्राध्यापकाने ईमेलला आपुलकीने उत्तर दिले म्हणून जागा मिळत नाही. तरीही ‘यंदा नवा विद्यार्थी घेणार आहात का’ एवढे विचारून घ्यावे. मी पहिल्या वर्षी ज्यांच्या कामाविषयी भरभरून लिहिले होते, त्यांपैकी एक गृहस्थ निवृत्त होऊन वर्ष उलटले होते. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये मात्र पीएच.डी.ची जागा बहुधा नोकरीसारखी जाहिरात देऊन भरली जाते, करार आणि पगार असतो, आणि सहसा पदव्युत्तर पदवी आधीच हातात लागते. अशा जाहिराती युरॅक्सेस या संकेतस्थळावर पाहाव्यात. युरोपीय संघाच्या निधीतून चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागांना एक अट असते: नेमणुकीपूर्वीच्या ३६ महिन्यांत उमेदवार त्या देशात १२ महिन्यांहून अधिक राहिलेला नसावा. ठाण्याबाहेर फारसे न राहिलेल्या माझ्यासारखीला ही अट सोयीचीच होती.

एसओपी, म्हणजे उद्देशपत्र, मी पहिल्या वर्षी ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती’ या वाक्याने सुरू केले होते. आज ते वाचवत नाही. नकारानंतरचे वर्ष मी खारघरच्या एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून काढले. रोज ठाण्याहून पनवेल लोकल पकडायची, जागा मिळालीच तर ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत एखादा शोधनिबंध वाचायचा, असा क्रम होता. त्या वर्षी एक प्रयोग चार महिने फसत राहिला आणि अखेर दोष पेशींत नसून आम्ही वापरत असलेल्या प्रतिपिंडात (अँटीबॉडीत) आहे, हे लक्षात आले. दुसऱ्या उद्देशपत्राचा निम्मा भाग या फसलेल्या प्रयोगाविषयी होता: कोणती शंका आली, ती कशी तपासली, आणि त्यातून पुढचा कोणता प्रश्न निघाला. तिन्ही मुलाखतींत मला नेमके याविषयीच विचारले गेले. शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असणे ही अट नसते, हे इथेच सांगते. कारण एका सल्लागाराने मला पैसे भरून महिन्याभरात निबंध छापून देण्याची तयारी दाखवली होती. अशा विकतच्या निबंधांची यादी जाणकार वाचकाच्या डोळ्यांत लगेच खुपते.

सगळ्यात अधिक दुर्लक्ष होते ते शिफारसपत्रांकडे. बहुतेक ठिकाणी तीन पत्रे लागतात. आपल्याकडे शिक्षक प्रेमानेच म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करते.’ पहिल्या वर्षी माझी दोन पत्रे अशीच तयार झाली, आणि दोन्हींची भाषा माझीच असल्याने ती सख्ख्या बहिणींसारखी दिसत होती. यात अप्रामाणिकपणा तर आहेच, शिवाय पत्राचा उपयोगही संपतो. अर्ज भरताना आपण शिक्षकाचा ईमेल पत्ता देतो आणि विद्यापीठ त्यांना थेट दुवा पाठवते, म्हणून महाविद्यालयाचा अधिकृत पत्ता असेल तर तोच द्यावा. अमेरिकी अर्जात आणखी एक प्रश्न असतो: पत्र पुढे पाहण्याचा आपला हक्क सोडता का? तो सोडावा, कारण उमेदवाराला दिसू शकणाऱ्या पत्रावर वाचणारे कमी विश्वास ठेवतात. दुसऱ्या वर्षी मी प्राचार्यांचे पत्र वगळले आणि अकरा महिने माझे काम जवळून पाहिलेल्या मॅडमना विनंती केली. त्यांना सप्टेंबरमध्येच माझा बायोडेटा, उद्देशपत्राचा मसुदा आणि मुदतींचा तक्ता दिला. आठवण करून देण्याचा संकोच वाटतो, पण ‘मॅडम, शुक्रवारी मुदत आहे’ एवढ्या एका ओळीने कुणी रागावत नाही.

कागदपत्रांचा बाऊ मी उगाच केला. अनेक विद्यापीठांना अर्जाच्या वेळी गुणपत्रिकांची स्कॅन केलेली प्रत चालते आणि मोहोरबंद ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व गुणांचा अधिकृत उतारा, जागा मिळाल्यावरच लागते. मी मात्र त्यासाठी पावसाळ्यात सहा फेऱ्या मारल्या. आपले टक्के स्वतःच्या मनाने चारपैकी गुणांत बदलू नयेत, मूळ पद्धतीतच लिहावेत. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता कित्येक विभाग मागतच नाहीत, म्हणून त्या विभागाचे पान पाहूनच पैसे भरावेत. अर्जाचे शुल्क बहुधा ७५ ते १२५ डॉलरच्या घरात असते, आणि मुदतीपूर्वी विचारल्यास काही ठिकाणी ते माफही होते. मुदती बहुतेक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची १ डिसेंबरची रात्री ११:५९ ही वेळ म्हणजे आपल्याकडे २ तारखेच्या सकाळचे १०:२९, हे ठाऊक असावे. मात्र त्यावर विसंबून झोपू नये.

मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, आपल्या रात्री झाल्या. एकीच्या वेळी खाली वरात थांबली होती. मी आधीच क्षमा मागितली आणि समोरच्या बाईंनी हसून लग्नाचीच चौकशी केली. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे विचारतात, तेव्हा गप्प बसू नये. मागील विद्यार्थ्यांना पदवीसाठी किती वर्षे लागली आणि पाचव्या वर्षानंतर विद्यावेतनाची काय व्यवस्था असते, हे मी विचारले.

विद्यावेतनाचे घरी समजावणे हे वेगळेच काम होते. ‘पगार देतात, मग ते शिक्षण कसले?’ हा मामांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. अमेरिकेत बहुतेक विज्ञान विभाग शिक्षणशुल्क माफ करतात आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल दरमहा रक्कम देतात. पत्रात ‘निधीची हमी नाही’ असे असेल तर ते पत्र दोनदा वाचावे. पहिले विद्यावेतन हाती येण्यापूर्वीचा खर्च मात्र आपलाच असतो: परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क, व्हिसा, विमान, घराची अनामत. मला त्यासाठी बाबांकडून उसने घ्यावे लागले.

निधीसह जागा देणाऱ्या बहुतेक अमेरिकी विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करता येत नाही. एका विभागाने मार्चमध्येच घाई केली, तेव्हा मी या ठरावाचा नम्रपणे उल्लेख केला आणि मुदत मिळाली. निर्णय झाल्यावर दुसऱ्या विभागाला नकार मी त्याच रात्री कळवला, कारण त्यांच्या प्रतीक्षायादीत आदल्या वर्षी मीही होते.