फॉरमॅट मारायच्या आधी फाईली बाहेर कशा काढायच्या

कॉम्प्युटर रांगायला लागला, ब्राऊझर आपोआप भलत्याच साईटी उघडतोय, पेनड्राईव्हमधले फोल्डर सगळे शॉर्टकट झालेत, एवढं झालं की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतोय, "फॉरमॅट मारून टाक की". निपाणी असू दे, खानापूर असू दे नाहीतर बेळगाव, सगळीकडे हेच. माझ्या बघण्यात व्हायरसनं गेल्या नाहीत तेवढ्या फाईली या घाईनं गेल्यात. बरेचसे व्हायरस तुमच्या फोटोला हात पण लावत नाहीत ओ, फोल्डर लपवतात आणि त्याच्या नावानं स्वतःची फाईल पुढं ठेवतात. रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, तेवढं वेगळं, ते खाली सांगतो.

पहिलं म्हणजे नेट तोडा, वायफाय बंद, लॅनची वायर काढा, लावलेला पेनड्राईव्ह नि बाहेरची हार्डडिस्क काढा, आणि मशीन बंद करा. बंद होत नसेल तर पॉवरचं बटण दाबून धरा. त्याच विंडोजमध्ये बसून "पटकन डेटा कॉपी करून घेतो" हे करायचं नाही, कारण ते विंडोज चालू म्हणजे व्हायरस पण चालू, आणि तुम्ही नवीन पेनड्राईव्ह लावला की त्यात पहिला तोच शिरणार.

मग काढायचं कसं? लिनक्सनं. घाबरू नका, इन्स्टॉल काही करायचं नाही. शेजारच्या नाहीतर मित्राच्या चांगल्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू त्यांच्या स्वतःच्या साईटवरून उतरवा, फुकट आहे, आणि रूफस नावाच्या छोट्या टूलनं ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर टाका (त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं, रिकामाच घ्या). जुनं, कमी रॅमचं मशीन असेल तर मिंटचं एक्सएफसीई व्हर्जन घ्या, हलकं आहे. हा पेनड्राईव्ह आजारी मशीनला लावून चालू करताना बूट मेनूचं (मशीन कशावरून चालू करायचं ते निवडायचं) बटण दाबत राहायचं, डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९, असुसला एस्केप नाहीतर एफ ८. मिंट थेट डेस्कटॉपवर जातं, उबुंटूत "ट्राय" म्हणून असतंय ते निवडा, "इन्स्टॉल"वर चुकून पण क्लिक करू नका.

आता जे चालू झालंय ते पेनड्राईव्हवरून आणि रॅममध्ये चाललंय, तुमच्या हार्डडिस्कवरचं विंडोज झोपलेलं आहे. विंडोजचा व्हायरस इथं आपोआप चालू होत नाही. फाईल मॅनेजर उघडला की डावीकडे तुमचे ड्राईव्ह दिसतील, पण सी, डी अशा नावानं नाही, साईझवरून ओळखायचे. कधीकधी सी ड्राईव्ह "फक्त वाचता येईल" असा उघडतो, विंडोज नीट बंद झालेलं नसतं म्हणून, ते आपल्या फायद्याचंच आहे, आपल्याला तिथं काही लिहायचंच नाही. नवीन विंडोज ११ लॅपटॉप असेल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क लॉक करणारं कुलूप) ४८ आकडी की मागेल, ती मोबाईलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाऊंटात बघा, बहुतेक तिथं असते. ती नसेल तर पुढं काही होत नाही.

शॉर्टकट झालेला पेनड्राईव्ह पण इथंच लावून बघा. विंडोजनं लपवलेलं लिनक्सला लपलेलं वाटतच नाही, सगळे मूळ फोल्डर समोर येतात. एक प्रकार असा आहे की तो सगळा डेटा बिननावाच्या एका फोल्डरात ढकलतो, नावाच्या जागी नुसती मोकळी जागा दिसते, तो फोल्डर कचरा समजून डिलीट करू नका, तुमचं सगळं त्यातच आहे. पेनड्राईव्ह रिकामा दिसतोय पण १२ जीबी भरलाय असं दाखवतोय, तेव्हा हेच झालेलं असतंय.

काय काय उचलायचं? युझर्स फोल्डरात तुमच्या नावाच्या फोल्डरात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स, पिक्चर्स हे सगळ्यांना आठवतं. विसरतात ते वेगळंच. टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर टॅलीचा डेटा फोल्डर, आत १००००, १०००१ असे नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, ते अख्खे घ्या. आणि आपल्या भागातली डीटीपीवाली मंडळी, लग्नपत्रिका एकीकडे श्रीलिपीत मराठी आणि दुसरीकडे नुडीत कन्नड (दोन्ही टायपिंगची सॉफ्टवेअर), तुम्ही विंडोज फोल्डरातला फॉन्ट्स फोल्डर आधी कॉपी करा. कोरलची (डिझाईनच्या सॉफ्टवेअरची) फाईल वाचली आणि जुना फॉन्ट गेला तर पत्रिकेत नुसती अर्थहीन अक्षरांची आगगाडी दिसते, मग परत टाईप करत बसा. शाळेच्या मास्तरांच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचं पण तेच.

कुठं कॉपी करायचं, तर बाहेरची हार्डडिस्क, आणि ती एक्सफॅट किंवा एनटीएफएस (हे डिस्कच्या फॉरमॅटचे प्रकार) असू दे. फॅट ३२ वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाईल बसत नाही, लग्नाचा नाहीतर शिवजयंतीच्या चित्ररथांचा एकसलग व्हिडिओ तिथंच अडकतो. आणि पावसाळ्यात खानापूर बाजूला लाईटीचा भरवसा नाही, डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय शंभर जीबीची कॉपी लावू नका. कॉपी झाली की दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाईलींचा आकडा जुळवा आणि कॉपीतल्या चार-पाच फाईली उघडून बघा.

आता काय सोडायचं, हे जास्त महत्त्वाचं. फोटो, व्हिडिओ, पीडीएफ, साधं वर्ड आणि एक्सेल घ्या. डॉट ईएक्सई, एमएसआय, एससीआर, बीएटी, व्हीबीएस, जेएस, एलएनके असलं शेपूट असलेलं काही नको, "सेटअप" नावाचा जपून ठेवलेला फोल्डर तर मुळीच नको, क्रॅक केलेलं फोटोशॉप परत आणलं की व्हायरस पण परत आणला. सॅलिटीसारखे व्हायरस चांगल्या ईएक्सईत शिरून बसतात, तुमचा सेटअप आधी चांगला होता हे खरं असेल, आज चांगला आहे असं नाही. म्हणूनच "सी फॉरमॅट करा, डीला हात लावू नका" हे मला पटत नाही. डीमधल्या एका ईएक्सईवर क्लिक केलं की आठवड्यात परत तेच.

तपासणी दुसऱ्या कॉम्प्युटरवर, अँटीव्हायरस अपडेट करून. आधी ऑटोप्ले (डिस्क लावली की आपोआप उघडणं) बंद करा, फाईल एक्स्प्लोररमध्ये एक्स्टेन्शन (फाईलीच्या नावाचं शेपूट) दिसतील असं करा म्हणजे "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" असलं सोंग लगेच कळतं, मग हार्डडिस्क लावा आणि काही उघडायच्या आधी पूर्ण स्कॅन. दुसरं मत पाहिजे तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर फुकट मिळतो, उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, दरवेळी नवीन घ्यायचा. एखादी फाईल संशयास्पद वाटली तर व्हायरसटोटल या फाईल तपासणाऱ्या साईटवर टाकता येते, पण तिथं टाकलेलं सिक्युरिटी कंपन्यांना बघायला मिळतं, तेव्हा आधार, पहाणी उतारा, बँकेचे कागद तिथं टाकू नका. आणि वर्डची फाईल "एनेबल कंटेंट" (आतला प्रोग्रॅम चालू करायची परवानगी) मागायला लागली तर नाही म्हणा.

चुकून डिलीट झालेल्या फाईलींसाठी फोटोरेक नावाचं टूल आहे, फुकट. काढलेलं दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं, जुनी नावं मिळत नाहीत. एसएसडी असेल तर फार आशा धरू नका, ट्रिम नावाच्या सोयीमुळे डिलीट झालेली जागा डिस्क स्वतःच साफ करते.

रॅन्समवेअर. फाईलींच्या नावापुढं अनोळखी शेपूट लागलंय, प्रत्येक फोल्डरात पैसे मागणारी टेक्स्ट फाईल पडलीय, तर लिनक्सनं फाईली बाहेर निघतील पण उघडणार नाहीत. क्रॅक सॉफ्टवेअरमधून येणारा स्टॉप डेजाव्हू नावाचा प्रकार खूप बघायला मिळतो, त्याच्या चिठ्ठीचं नाव "रीडमी", सुरुवातीला एक अंडरस्कोर. एमसिसॉफ्ट या कंपनीचं फुकट टूल आहे, ऑफलाईन कीनं (नेट नसताना व्हायरसनं वापरलेल्या ठरलेल्या कीनं) लॉक झालं असेल तर उपयोग होऊ शकतो, पण २०१९ च्या ऑगस्टनंतरचं ऑनलाईन कीवालं (दर मशीनला वेगळी की) त्यानं सुटत नाही. मात्र हा प्रकार मोठ्या फाईलीचा सुरुवातीचा थोडाच भाग लॉक करतो, म्हणून मोठे व्हिडिओ दुरुस्तीच्या टूलनं कधीकधी वाचतात, स्टुडिओवाल्यांनी हा प्रयत्न सोडू नये. दुसरा कुठला प्रकार असेल तर नो मोअर रॅन्सम या साईटवर बघा, २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल आणि दोन सिक्युरिटी कंपन्यांनी सुरू केलीय. तिथं आज उपाय नसला तरी लॉक झालेल्या फाईली आणि ती चिठ्ठी दोन्ही जपून ठेवा. टेस्लाक्रिप्ट नावाच्या रॅन्समवेअरवाल्यांनी २०१६ मध्ये स्वतःच मास्टर की देऊन टाकली होती, गँडक्रॅब या दुसऱ्या रॅन्समवेअरच्या की एफबीआयनं २०१९ मध्ये बाहेर काढल्या. पैसे भरू नका, आणि "१०० टक्के काढून देतो" म्हणून आधी ॲडव्हान्स मागणाऱ्यालाही नको. गुगल ड्राईव्हला सिंक असेल तर साईटवर जाऊन जुनी व्हर्जन बघा, ३० दिवसांपर्यंतची असतात, त्यामुळे इथं उशीर करू नका. तक्रार करायची तर सायबर गुन्ह्यांचा १९३० नंबर आहे नाहीतर जिल्ह्याचं सीईएन (सायबर गुन्ह्यांचं) पोलीस ठाणे.

आता फॉरमॅट मारा, सी, डी असे सगळे पार्टिशन (डिस्कचे भाग) काढून. विंडोजचा पेनड्राईव्ह चांगल्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्याच टूलनं बनवा. विंडोज १० परत टाकत असाल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, मशीन झेपत असेल तर ११ टाका.

पासवर्ड मात्र या सगळ्याची वाट न बघता पहिल्याच दिवशी मोबाईलवरून बदला, आधी ईमेलचा, मग बँकेचा. ब्राऊझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गेले असंच धरून चाला. जीमेलमध्ये "सगळ्या डिव्हाईसवरून साईन आऊट" करा आणि व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाईसमध्ये तो कॉम्प्युटर अजून दिसतोय का बघा, दिसला तर लॉग आऊट.