बोगस बिलावर सही कोणाची? जबाबदारी निश्चित करून घेण्याची पद्धत

‘रस्त्याच्या कामात भ्रष्टाचार झाला, चौकशी करा’ एवढ्याच मजकुराचा अर्ज बहुतेक वेळा फिरून त्याच कार्यालयाकडे ‘अहवालासाठी’ येतो आणि तिथेच निकाली निघतो. खोटं बिल एका माणसाच्या हातून निघत नाही. मोजमाप घेणारा, ते तपासणारा, देयक म्हणजे बिल मंजूर करणारा आणि पैसे काढणारा आहरण व संवितरण अधिकारी, प्रत्येकजण सहीनिशी काहीतरी प्रमाणित करतो. तक्रार त्या सह्यांवर उभी करा.

आधी माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये. कार्यारंभ आदेश (वर्क ऑर्डर), मोजमाप पुस्तिकेची (कामाची मापं नोंदवायच्या वहीची) संबंधित पानं, देयक आणि प्रमाणक (व्हाउचर) यांच्या प्रती मागा. ‘पैसे का दिले?’ असं विचारू नका, कागद मागा. सही करणाऱ्यांची पदनामं मागा, म्हणजे वैयक्तिक माहितीचं कारण पुढे करणं अवघड जातं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

मोजमाप पुस्तिका अगदी बारकाईने वाचा, खरी चोरी तिथेच सापडते. मोजमापाची तारीख कार्यारंभ आदेशाच्या आधीची आहे का? आकड्यांवर गिरवलंय का? मग टेप घेऊन जागेवर जा. समजा, पुस्तिकेत २०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, ०.१५ मीटर जाड म्हणजे ९० घनमीटर काम दाखवलंय. पाच-सहा ठिकाणी मोजल्यावर सरासरी रुंदी २.६ मीटरच भरली, तर काम होतं ७८ घनमीटर. १२ घनमीटरचे पैसे जास्त गेले. जाडी मात्र स्वतः खोदून पाहू नका. माहिती अधिकाराच्या कलम २(ञ) खाली कामाची पाहणी आणि प्रमाणित नमुना मागता येतो.

तक्रार बिल मंजूर करणाऱ्याच्या वरिष्ठाकडे, स्वतःच्या नावानिशी द्या आणि पोच घ्या. निनावी पत्राची सहसा दखल घेतली जात नाही. प्रत्येक सहीपुढे एकच ओळ: काय प्रमाणित केलं, जागेवर काय आढळलं. लाच घेतल्याचा आरोप पुराव्याशिवाय करू नका, त्याची इथे गरजही नाही. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार निष्काळजीपणामुळे शासनाचं नुकसान झालं, तरी ते पगारातून वसूल करण्याची शिक्षा देता येते. लाचेचा पुरावा हाती असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ क्रमांक आहे.

अनेक प्रकरणं उशिरामुळे हातची जातात, म्हणून पैसे दिल्याची तारीख अर्जात ठळक लिहा. कर्मचारी निवृत्त झाल्यावर नव्याने विभागीय चौकशी सुरू करायची, तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. सही करणारा निवृत्तीला आला असेल, तर तेही अर्जात नमूद करा आणि निवृत्तीपूर्वी विभागीय चौकशीचं दोषारोपपत्र बजावण्याची लेखी मागणी करा.