चारचाकीचं लायसन्स स्वतः कसं काढावं

लायसन्स काढायचं म्हटलं की घरातलं कुणीतरी लगेच ओळखीच्या एजंटचा नंबर देतं. पण फॉर्म भरायला अर्धा-पाऊण तास पुरतो. खरी मेहनत आहे ती लर्निंग आणि पक्क्या लायसन्सच्या मधल्या दिवसांत, आणि ती तुमच्याऐवजी दुसरं कुणी करू शकत नाही. म्हणून कागदपत्रांबद्दल मी थोडक्यात लिहितो आणि गाडी शिकण्याबद्दल जरा सविस्तर.

आधी वय

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे चारचाकीसाठी वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. 'सोसायटीतल्या सोसायटीत फिरवू दे थोडी' म्हणून सतराव्या वर्षी मुलाच्या हातात किल्ली देणाऱ्या पालकांना कळकळीने सांगतो, हे करू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लर्निंगसुद्धा मिळत नाही.

लर्निंग लायसन्स

परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर जाऊन आपलं राज्य निवडा आणि लर्नर लायसन्सचा अर्ज भरा. वाहनाच्या प्रकारात 'एलएमव्ही', म्हणजे हलकं मोटार वाहन निवडायचं. गिअरची दुचाकीही चालवणार असाल तर तीही याच अर्जात घ्या, पुन्हा सगळं करावं लागत नाही. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्जापूर्वी एक काम नक्की करा: आधार, दहावीचं सर्टिफिकेट आणि इतर कागद शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अन् जन्मतारीख ताडून पाहा. एका अक्षराच्या फरकावरून अर्ज परत येतो. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या.

फॉर्म १ मध्ये तब्येतीविषयी स्वतःच घोषणा करायची असते. त्यात एक प्रश्न आहे: चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? बहुतेक जण न वाचताच 'हो' करतात. तुम्ही खरंच रस्त्यावर उभं राहून वाचून पाहा. नाही जमलं तर आधी डोळे तपासा, चष्मा घ्या. चाळिशी ओलांडलेल्यांना फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंगची फी प्रत्येक वाहनप्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेची ५० रुपये आहे. आधारची माहिती वापरून अर्ज केला तर परीक्षा घरूनही देता येते, नाहीतर स्लॉट घेऊन आरटीओत जायचं. महाराष्ट्रात १५ प्रश्न असतात, त्यातले ९ बरोबर यावे लागतात आणि मराठीतून परीक्षा देता येते. चिन्हं पाठ करताना आकार ध्यानात धरा: वर्तुळातली चिन्हं आज्ञा देतात, त्रिकोणातली सावध करतात, चौकोनातली माहिती देतात. अष्टकोनी 'थांबा' आणि उलटा त्रिकोण, म्हणजे 'रस्ता द्या', ही दोन वेगळी. घरून परीक्षा देताना शेजारी बसून कुणी उत्तरं सांगितली तर पास व्हाल, पण ती चिन्हं उद्या रस्त्यावर तुमच्यासमोर येणारच आहेत.

मधले दिवस

लर्निंग मिळाल्यावर पक्क्या लायसन्सच्या टेस्टला किमान ३० दिवस थांबावं लागतं आणि लर्निंग चालतं ६ महिने. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला असायलाच हवा. एकट्याने गाडी काढली तर ते विनालायसन्स चालवणंच ठरतं, त्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

मोटार ट्रेनिंग स्कूल लावाच. घरच्या माणसाकडून शिकताना दोघांचाही पारा चढतो आणि स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. पण तिथेच गोम आहे. गाडी गुळगुळीत चालली म्हणून आपण खूश होतो, आणि अर्धा क्लच सरांनीच दाबलेला असतो. आठवड्याभराने त्यांना स्पष्ट सांगा, 'सर, आज पाय वर घेऊन बसा.' मग आपल्याला काय येतं ते कळेल.

सगळ्यात जास्त वेळ 'हाफ क्लच'ला, म्हणजे क्लच अर्धवट सोडून तिथेच धरून ठेवण्याला द्या. मोकळ्या, सपाट जागेत पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटरला हातही… म्हणजे पायही लावू नका, आणि क्लच अगदी सावकाश वर सोडा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, स्टिअरिंगवर बारीक थरथर येते, बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटतं. पाय तिथेच रोखा. हे पन्नासदा करा, डोळे रस्त्यावर ठेवून. ती जागा पायाला ओळखीची झाली की गाडी ऐन सिग्नलला बंद पडणं थांबतं.

मग चढाव. गाडी थांबवून हँडब्रेक ओढा, पहिला गिअर, हाफ क्लच, थोडं ॲक्सिलरेटर. थरथर जाणवली की मगच हँडब्रेक सोडा. गाडी मागे सरकली तर घाबरून क्लच सोडू नका, ब्रेक दाबा आणि पुन्हा सुरुवात करा. रिव्हर्सचंही तसंच, वेग हाफ क्लचने चालण्याइतकाच ठेवायचा, म्हणजे स्टिअरिंग फिरवायला वेळ मिळतो.

सरकारमान्य ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटर जवळ असेल तर तोही चांगला पर्याय आहे. तिथला चारचाकीचा कोर्स ४ आठवड्यांत २९ तासांचा असतो, त्यातले २१ तास प्रत्यक्ष सरावाचे. तिथलं प्रमाणपत्र मिळालं की आरटीओतली टेस्ट माफ होते.

टेस्टचा दिवस

पोर्टलवरूनच अर्ज करून स्लॉट घ्यायचा. लायसन्सचे २०० आणि टेस्टचे प्रत्येक प्रकाराला ३०० रुपये ही मूळ फी. लर्निंगची मुदत संपत आल्यावर स्लॉट शोधत बसू नका. दुसऱ्या महिन्यातच घ्या, म्हणजे नापास झालात तरी वेळ हाताशी राहतो. गाडी आपली आपण न्यायची, स्कूलचीही चालते. आरसी (गाडीच्या नोंदणीचा दाखला), विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) गाडीत आहेत ना, ते निघण्यापूर्वी पाहा.

ट्रॅकवर साधारणपणे आठचा आकडा, रिव्हर्स आणि चढाव असतो. माझी भाची पहिल्या खेपेला चढावावर नापास झाली. गाडी तिला उत्तम यायची. पण आधीचा उमेदवार उंच होता, त्याने सीट मागे सरकवलेली होती, आणि ही घाईघाईत तशीच बसली. क्लच पूर्ण दाबला जाईना, गाडी बंद पडली आणि मागे घसरली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा तिने इन्स्पेक्टर शेजारी असताना शांतपणे सीट पुढे ओढली, तिन्ही आरसे लावले, बेल्ट लावला, गिअर न्यूट्रलला आहे का पाहिलं आणि मग किल्ली फिरवली. पास झाली. या चार गोष्टींसाठी लागणाऱ्या अर्ध्या मिनिटाला कुणी हरकत घेत नाही.

नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं.

कार्ड आल्यावर

कार्ड पोस्टाने घरी येतं. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि वाहनाचा प्रकार लगेच तपासा. 'डिजिलॉकर' किंवा 'एमपरिवहन'मधलं लायसन्सही तपासणीत ग्राह्य धरलं जातं, म्हणून ते फोनमध्ये घेऊन ठेवा. तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, तिशी ते पन्नाशीत काढलेलं १० वर्षं. नूतनीकरण मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येतं. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा ट्रॅकवर टेस्ट द्यावी लागते, तेव्हा ती तारीख आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.