जुनी कॅम्पर व्हॅन आणि बेळगावचा पाऊस

आमच्या भागात जुनी व्हॅन इंजिनामुळे मोडीत जात नाही, पाण्यामुळे जाते. इंजिन दुरुस्त करणारे हात बेळगावात गल्लोगल्ली आहेत. पण छपरातून झिरपलेलं पाणी प्लायवूडमागे बसून पत्रा खातं, तेव्हा मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही. म्हणून कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय केलेली व्हॅन, घेतलीत किंवा घेणार असाल, तर देखभालीचं वेळापत्रक किलोमीटरवर न बांधता नक्षत्रांवर बांधा. रोहिणीत छप्पर, पावसात हवा, दसऱ्याच्या सुमाराला यंत्र.

माझी गाडी टेम्पो ट्रॅव्हलर, २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं त्याच्या आधीची, बजाज टेम्पोच्या काळातली. मागच्या सीटा काढून त्या जागी पलंग, ओटा आणि दोन कपाटं बसवली आहेत. पुढचं बरंचसं मॅटाडोर किंवा ओम्नीलाही तसंच लागू पडतं.

रोहिणी लागते २५ मेच्या सुमारास आणि मृग ७-८ जूनला. या मधल्या दिवसांत गळती शोधायची. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपाने पाणी सोडायचं, पण खालून वर: आधी खिडक्यांच्या खालच्या कडा, मग पुढच्या काचेचं रबर, मग छपराच्या कडेचं पन्हाळ, सगळ्यात शेवटी वरचा व्हेंट, म्हणजे छपरातला हवेचा झरोका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि चोर सापडत नाही. प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटं धार धरा, घाई नको. आत बसलेल्याने टॉर्च भिंतीला समांतर, तिरकी धरायची. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. तिरक्या उजेडात ओलीची बारीक रेघ लगेच चमकते. जिथे थेंब दिसला तिथेच भोक असेल असं नाही. पाणी पत्र्याच्या आतल्या कण्यावरून हातभर पुढे जाऊन टपकतं, तेव्हा आतलं पॅनेल काढून उगमापर्यंत जा.

सापडलेल्या फटीवर सिलिकॉन फासू नका. सिलिकॉनवर रंग बसत नाही आणि पुढच्या वेळी दुसरं काही चिकटतही नाही. जुनं सगळं खरवडून, पुसून, कोरडं करून पॉलियुरेथेन सीलंट भरा. खिडकीची किंवा व्हेंटची चौकट उघडलीच असेल तर ती बसवताना खाली ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, घाला. मृगाचा पहिला थेंब पडायच्या आधी हे पूर्ण वाळलेलं हवं.

आता खालची बाजू. जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे, चोर्ल्याच्या वाटेला लागलात की लाल चिखल चाकांवरच्या कमानीत आणि चासीच्या सांध्यांत ठासून बसतो. वरून वाळलेला दिसतो, आत आठवडाभर ओला राहतो. परत आल्यावर रॅम्पवर चढवून खालून प्रेशरने धुवायलाच हवं, वरची धुलाई राहिली तरी चालेल. गाडी वाळली की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पायरी, दाराचा तळ, चासीच्या कडा ठोकत जा. चांगला पत्रा टणटण बोलतो, कुजलेला भदभद. भदभद आली तिथे पुट्टी भरून रंग मारून घेऊ नका; कापायचं आणि नवा पत्रा वेल्ड करायचा. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडवा, गाद्या बाहेर काढा, गॅसची टाकी तर आवारातच नको. दारांच्या तळाला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती सायकलच्या स्पोकने मोकळी करा. एवढ्याशा कामाने दार कित्येक वर्षं जगतं.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर ताडपत्रीत गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. वर पत्र्याची शेड, बाजू उघड्या, व्हेंट किलकिला, गाद्या उभ्या. डिझेलची टाकी भरून ठेवा, म्हणजे रिकाम्या जागेत वाफेचं पाणी धरत नाही. तरीही पहिल्या स्टार्टआधी फिल्टरच्या तळातलं पाणी सोडून द्या.

घराच्या बाजूची बॅटरी, म्हणजे दिवे-पंख्याची, इंजिनाच्या बॅटरीपासून वेगळी हवी. मध्ये रिले, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, आणि मुख्य तारेवर फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. लेड-ॲसिड बॅटरी विसावलेली असताना १२.७ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. अर्ध्याच्या खाली वारंवार उतरवली की ती लवकर जाते. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, म्हणून पलंगाखालच्या खणाला बाहेर जाणारी वाट ठेवा. गॅसचं उलट आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर साचतो. टाकीच्या खणाला तळाशी, थेट बाहेर उघडणारं भोक हवं, आणि गाडी हलण्याआधी टाकीवरचाच नॉब बंद. नळीवर छापलेली मुदत संपली की नळी बदला, ती कितीही नवी दिसो.

टायरच्या बाबतीत कॅम्परवाले हमखास फसतात. गाडी कमी फिरते, नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. सहा वर्षं उलटली की नक्षी पाहत बसू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदला. चोर्ला किंवा आंबोली उतरताना ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा; कपाटं, पाण्याचा कॅन, भांडी धरून ही गाडी नेहमीच भरलेली असते.

इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं, २.४ लिटर. याच घराण्याचं इंजिन ट्रॅक्सलाही लागलं, आणि वडापच्या, म्हणजे शेअर प्रवासी वाहतुकीच्या, ट्रॅक्स जीपगाड्या आमच्याकडे इतकी वर्षं धावल्या की ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला आतून तापवणारे), वॉटर पंप, हेड गॅस्केट यांसाठी अडून बसावं लागत नाही. थंडीत सकाळी धूर काढून कुरकुरत सुरू झाली तर आधी ग्लो प्लग तपासा, डिझेल पंपाला हात लावू देऊ नका. गाडी तापते म्हटलं की काही मेस्त्री थर्मोस्टॅटच, म्हणजे कूलंटचा प्रवाह तापमानाप्रमाणे सांभाळणारी झडपच, काढून टाकतात. तसं करू देऊ नका, इंजिन कायम थंड चालतं आणि झिजतं. रेडिएटरमध्ये बोअरचं क्षारवालं पाणी नको, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं.

मिळत नाहीत ते बॉडीचे आणि जोडणीचे बारीक भाग: बिजागऱ्या, सरकत्या दाराची चाकं, बुश. इथे उद्यमबाग आपल्या मदतीला येते. फाउंड्री आणि लेथच्या या वस्तीत नमुना दाखवला की वस्तू बनते. माझ्या ओळखीचे एक टर्नर नेहमी सांगतात, "ताई, पार्ट मिळत नाही म्हणून गाडी उभी करायची नाही की. जुना बुश घेऊन या, फुटलेला असला तरी आणा." त्यांचं ऐका. काढलेला भाग कधीही भंगारात टाकू नका. झिजलेल्या भागावरूनही मूळ माप काढता येतं, मोकळ्या हाताने गेलात तर नाही. आणि करायचंच तर एकाऐवजी चार नग करून घ्या. लेथवर वेळ जातो तो पहिल्या नगाच्या जुळणीत.

ते उरलेले तीन नग कुणाला द्यायचे, यासाठी सोबती लागतात. निपाणी, चंदगड, खानापूर, कोल्हापूर अशी आम्हा व्हॅनवाल्यांची ओळख आहे. सुट्या भागांची एक सामाईक पेटी आहे, तिच्यात वही: कुणी काय ठेवलं, कुणी काय नेलं. खंडेनवमीला गाड्यांची पूजा झाली की पुढच्या रविवारी जमतो आणि गाड्या अदलाबदल करून चालवतो. आपल्या गाडीचा खडखडाट आपल्याला ऐकू येईनासा होतो. दुसरा माणूस दहा किलोमीटरमध्ये सांगतो की मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग ओरडतंय. तुम्ही एकटे असाल तर निदान एक जोडीदार शोधा. या कामाला पैसा लागत नाही आणि याच्यासारखी तपासणी कुठल्या गॅरेजात होत नाही.

कागदांचं थोडक्यात. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. अर्ज २५ नंबरच्या फॉर्मवर. सीटा काढून पलंग केलात तर तो बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर (नोंदणीपत्रावर) चढवून घ्या, नाहीतर अपघातानंतर विमा अडतो. सीमाभागात स्वस्त मिळाली म्हणून एमएच-०९ म्हणजे कोल्हापूरची किंवा गोव्याची गाडी घेऊन येणारे पुष्कळ. परराज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) आणून केए, म्हणजे कर्नाटक, पासिंग करावं लागतं. त्या वेळी चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात. म्हणून सौदा ठरण्याआधी स्वतः गाडीखाली जा, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने नंबर साफ करा आणि आकडा न् आकडा आरसीशी ताडून पाहा. गंजाने एखादा आकडा खाल्ला असेल तर आधी विकणाऱ्याला त्याच्या आरटीओकडून तो नियमाप्रमाणे दुरुस्त करून आणायला सांगा, टोकन त्यानंतरच द्या.