सिमेंटच्या टाक्यातले गोल्डफिश का मरत होते

परसात पेरूच्या झाडाशेजारी सिमेंटचं टाकं बांधून घेतलं. आतून ६ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट खोल, म्हणजे साधारण १,३५० लिटर पाणी. आठवड्याभरात भरलं आणि चार गोल्डफिश सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन उलटे तरंगत होते. उरलेले दोन पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करत होते, कल्ले लालभडक. बघवत नव्हतं. त्यांना लगेच शिळ्या पाण्याच्या टबात हलवलं.

पट्टी बुडवून पाण्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधला) पाहिला तर ९ च्या वर, म्हणजे फारच अल्कधर्मी! नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, हे गवंड्यानंही सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

टाकं रिकामं केलं, व्हिनेगर लावून घासलं, भरपूर धुतलं. मग भरायचं, चार-पाच दिवसांनी उपसायचं, असं तीन आठवडे केलं. पाण्यात केळीच्या खांबाचे तुकडेही टाकले. आमच्याकडे विहिरीवरच्या हौदाला जुनी माणसं हेच करायची. तुकडे सडण्याआधी मात्र काढा. पीएच ७.५ वर टिकला, तेव्हाच पुढे गेलो.

नळाचं पाणी क्लोरीन उडावं म्हणून दोन दिवस उघडं ठेवतो. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, कारण उरलेलं कुजून अमोनिया होतो. वरून जाळी हवीच, खंड्या रोज पेरूवर बसलेला असतो.

टबातले दोघंही आता टाक्यात आहेत. मोठ्याची शेपटी पुन्हा पूर्ण उघडते.