अर्काने पेशी मेल्या की नुसता रंग बदलला? एमटीटी चाचणीतल्या या चुका टाळा

वनस्पतीचा अर्क कर्करोगाच्या पेशी मारतो का, हे तपासणाऱ्या प्रकल्पाच्या अहवालात सगळ्यात जास्त फसवतो तो जांभळा रंग. एमटीटी चाचणीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याचं जांभळं फॉर्मेझान करतात आणि आपण ५७० नॅनोमीटरला तो रंग मोजतो. पण आवळा, हिरडा यांच्या अर्कातली पॉलिफेनॉल आणि क जीवनसत्त्व हेच काम पेशी नसतानाही करतात. अर्काची मात्रा वाढवत नेली आणि जिवंत पेशींचा आकडा १०० टक्क्यांवर गेला, तर पेशी खुशीत आहेत असं समजू नका. प्रत्येक मात्रेसाठी पेशी वाढवायचं माध्यम, अर्क आणि एमटीटी असलेली, पण पेशी नसलेली वेल (प्लेटमधली खळगी) ठेवा. तिथेही जांभळं झालं, तर एमटीटी घालण्याआधी पेशी धुऊन घ्या किंवा सरळ एसआरबी चाचणी करा. ती पेशींतली प्रथिनं मोजते. शिवाय प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली बघाच. यंत्राच्या आकड्यापेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास.

उलटी फसगतही होते. काही पॉलिफेनॉल माध्यमातच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि पेशी त्यानेच मरतात. पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज हे विकर घातल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर संशय खरा.

सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं. ते मुख्यतः डीएनएची प्रत बनवत असलेल्या पेशींना मारतं, त्यामुळे हळू वाढणाऱ्या पेशींवर २४ तासांत फारसं काही दिसत नाही. ४८ आणि ७२ तासांचेही आकडे घ्या. त्याच्या रेणूतलं लॅक्टोन कडं ७.४ सामूला उघडतं आणि जोर कमी होतो. म्हणून माध्यमात मिसळून ठेवलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरू नका.

अर्क विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ शक्यतो ०.५ टक्क्याच्या आत, आणि कंट्रोलमध्येही (अर्क नसलेल्या वेलमध्ये) तेवढंच. प्लेटच्या कडेच्या वेल सुकतात. त्यांत नुसतं बफर भरा. झाडाचा नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा, पेशींची एसटीआर ओळख (डीएनएवरून पटवलेली) आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूंचा संसर्ग तपासून घ्या. एमडीए-एमबी-४३५ या पेशी कितीतरी वर्षं स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या; निघाल्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या.

कच्च्या अर्काचा आयसी-५० (पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा) प्रति मिली २०-३० मायक्रोग्रॅमच्या वर असेल, तर तो सहसा दमदार धरत नाहीत. ४०० आला तर शीर्षकात ‘प्रभावी’ लिहू नका. आणि निरोगी पेशीही त्याच मात्रेला मरत असतील, तर हाती लागलंय ते साधं विष.