जुन्या आर्केड मशीनचा ब्रेकर बदलण्याआधी

आर्केड मशीनची (नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या कपाटाची) दुरुस्ती नव्याने शिकणारे ब्रेकर पडला की लगेच नवा ब्रेकर शोधतात. माझा आग्रह आहे की तो का पडतोय, ते आधी शोधा.

मागचं दार उघडण्यापूर्वी प्लग काढा. दार उघडताच वीज तोडणाऱ्या इंटरलॉक स्विचवर विसंबू नका, जुन्या मशीनमध्ये तो अनेकदा बायपास केलेला सापडतो. पिक्चर ट्यूबच्या अ‍ॅनोडवर 20 ते 25 हजार व्होल्ट असू शकतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज टिकतो. ट्यूब डिस्चार्ज करणं जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहूनच शिकायचं.

ब्रेकर कधी पडतो, यावरून मला सर्वात जास्त कळतं. चालू करताच पडला, तर ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) किंवा मॉनिटरचा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. मॉनिटर, पॉवर सप्लाय, मार्कीची (वरच्या नावाच्या पाटीची) ट्यूबलाइट एकेक करून सोडवत जा. कशामुळे पडतो ते उघड होतं. मेनमध्ये सिरीजला साधा फिलामेंटचा बल्ब लावला आणि तो भगभगीत पेटून तसाच राहिला, तर शॉर्ट बल्बच्या पुढेच आहे.

थोडा वेळ चालून पडत असेल तर गोष्ट वेगळी. थर्मल ब्रेकरमधली द्विधातूची पट्टी तापून वाकते. लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) ढिला असला की सांधा तापतो, ती उष्णता पट्टीपर्यंत जाते आणि करंट कमी असूनही ब्रेकर पडतो. म्हणून लग आधी तपासा. मग क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा बसून करंट मोजणारा) लावा, पण एकाच वायरभोवती. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतल्या तर वाचन शून्याच्या आसपास येतं. लग घट्ट आहेत, करंट रेटिंगखाली आहे, तरी पडतो? मग ब्रेकरच गेला.

नवा ब्रेकर तेवढ्याच अँपिअरचा, त्याच प्रकारचा घ्या. मोठा कधीच नको, कारण मग ब्रेकरच्या आधी वायर तापते. डीसी लाइनवर फक्त एसीचा ब्रेकर चालत नाही; डीसी शून्यातून जात नसल्याने आर्क (संपर्क तुटताना उडणारी ठिणगी) विझणं अवघड असतं. मेनचा ब्रेकर फेजवरच हवा.

वायर काढण्यापूर्वी फोटो घ्या. गंजलेले लग कापून नवे क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा. अर्धा-एक तास गेम चालवा, प्लग काढा आणि लगवर बोट ठेवून पाहा. चटका बसला तर क्रिंपिंग पुन्हा करा.